मागच्या ओळीतली दुसरी

ताईंना मी सात महिने ओळखत होतो आणि त्यांना माझा पत्ताही नव्हता. माझा धंदाच तसा आहे. मी चित्रपटांचा संकलक. इतरांनी कॅमेरे खांद्यावर टाकून गोळा केलेलं चित्रण एका खोलीत बसून कापायचं आणि जोडायचं. त्या वर्षी एका बॅले कंपनीच्या रोजच्या आयुष्यावरचा चित्रपट माझ्याकडे आला. आमच्या दिग्दर्शकाला नावाजलेल्या नर्तकींत रस नव्हता. “मला घाम हवाय, घाम,” असं तो येता-जाता म्हणायचा. स्वतः मात्र लिफ्ट बंद असली की मीटिंग पुढे ढकलायचा.

घाम मिळाला भरपूर. दोनशे तासांचं चित्रण आलं, आणि त्यात मागच्या ओळीतल्या एक बाई मला पुन्हा पुन्हा दिसू लागल्या. वय एकोणचाळीस, कंपनीत एकोणीस वर्षं, सगळे त्यांना ताई म्हणत. वर्ग दहाला सुरू व्हायचा, ताई सव्वानऊला हजर. खिडकीखाली जमिनीवर पडून उजवा गुडघा छातीशी धरायच्या आणि त्याची कुरकुर थांबली की उठायच्या. मग नवे बूट जिन्याच्या पायरीवर आपटायच्या, कारण नवा बूट कडक असतो आणि रंगमंचावर ठकठक वाजतो. स्वतःचे झाले की पोरींचेही आपटून द्यायच्या.

घरी त्याच बुटांना सासूबाई फिती शिवायच्या. एकदा कॅमेऱ्याकडे बघून त्या म्हणाल्या, “नाचते ही, आणि भोकं माझ्या बोटांना. पण हिला शिवायला दिलं तर दोन फिती कधी सारख्या यायच्या नाहीत.” ताई शेजारी बादलीत पाय सोडून बसल्या होत्या, मुकाट हसत होत्या. हे मी कौतुकाने बायकोला दाखवलं, तर ती म्हणाली, “दुसऱ्याच्या बायकोचे पाय महिनोन्महिने बघताय, एकदा माझ्या टाचांच्या भेगाही बघा.” पण दुसऱ्या दिवशी ताईंच्या गुडघ्याची चौकशीही तिनेच केली.

मी स्वभावाने चिडका आहे. पडद्यावरची माणसं मला लवकर आवडत नाहीत. कॅमेरा दिसला की त्यांची हनुवटी वर जाते. ताईंची कधी गेली नाही. मागच्या ओळीत बारा जणींनी एक दिसायचं असतं. प्रेक्षकाची नजर तुमच्यावर थांबली, तर समजायचं काहीतरी बिघडलंय. ही बाई एकोणीस वर्षं रोज सहा-सहा तास राबली, ती आपण कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून. मला हे थोर वाटलं आणि अजूनही वाटतं.

हंगाम संपला की त्या नाच थांबवणार होत्या. गुडघ्याने तसं बजावलंच होतं. त्यांना हवी होती ती तालीमबाईंची जागा, समूहातल्या छत्तीस जणींची तालीम घेणारी. जागा एकच, आणि ती देणं मास्तरांच्या हातात. मास्तर म्हणजे कंपनीचे कर्तेधर्ते. चित्रणात ते एका ठिकाणी म्हणतात, “काम चोख आहे तिचं. पण आवाज कधी चढत नाही. पोरी तिचं ऐकतील का?” जागा मिळाली नसती तर ताई घरी बसल्या असत्या. नाचाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

अशात तो दुपारचा प्रयोग झाला. दुसऱ्या अंकात छत्तीस जणी तीन ओळींत स्तब्ध उभ्या राहतात आणि आठव्या मात्रेला सगळ्यांचा उजवा हात वर जातो. त्या दिवशी मागच्या ओळीतले बारा हात सहाव्यालाच वर गेले. एका पेपरवाल्याने ‘मागून उसळत आलेली लाट’ असं लिहून त्याची तारीफ केली, म्हणजे बघा. मास्तर मात्र नाकावर माशी बसू देणारे नव्हेत. पडदा पडताच विंगेत येऊन त्यांनी विचारलं, “कोण?”

“मी,” ताई म्हणाल्या.

मास्तर पाठ फिरवून निघून गेले. त्यानंतर तालीमबाईंच्या जागेचा विषयच कुणी काढला नाही.

मी ते चित्रण एकेक चौकट पुढे सरकवत पाहिलं. नव्या मुलीला ओळीच्या टोकाला उभं करतात आणि तिच्या शेजारी जुनी, म्हणजे सावरायला कुणी असतं. डाव्या टोकाला होती एक अठरा वर्षांची नवी, पहिलंच वर्ष. ताई तिच्या शेजारी, डावीकडून दुसऱ्या. सहाव्या मात्रेला नवीचा हात उठला. पाच चौकटींनी ताईंचा उठला. सेकंदाला पंचवीस चौकटी असतात, म्हणजे हिशेब करा. आणि ताईंच्या मागोमाग उरलेले दहा. नवीचा एकटीचा हात हवेत राहिला असता, तर सगळ्या नाट्यगृहाने तिला पाहिलं असतं. ताईंनी चूक पाहिली आणि जाणूनबुजून तीच केली. मी खुर्ची मागे सारून उभाच राहिलो.

दिग्दर्शकाला दाखवलं, तर तो आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. “हाच आपला चित्रपट,” म्हणाला. मलाही पटलं. मास्तरांची दातखीळ बसेल आणि ताईंना जागा मिळेल, असा माझा सरळ हिशेब. फक्त आधी त्यांना दाखवावं म्हणून मी त्यांना बोलावून घेतलं.

पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा त्या बुटक्या निघाल्या. दृश्य दोनदा पाहिलं.

“माझं कोपर पडलंय,” त्या म्हणाल्या.

“कोपराचं सोडा, ताई. चूक कुणाची ते दिसतंय ना?”

“दिसतंय. काढून टाका.”

“दिग्दर्शक सोडायचा नाही.”

“मग माझं राहू द्या. तिला काढा. जमेल ना?”

जमण्यासारखं होतं. चित्र थोडं मोठं केलं की डावी कड बाहेर जाते. पण माझं डोकं तापलं. “एकोणीस वर्षांत रंगमंचावर तुम्ही नजरेत भराल असं दृश्य हे एवढं एकच. त्यात जगाला तुम्ही चुकताना दिसणार. जागेवर पाणी सोडताय तुम्ही.”

त्यांचे डोळे भरून आले. “ती जागा मला फार हवी आहे हो, दादा. रात्रंदिवस तेच मनात असतं. पण तिच्याकडे बोट दाखवून ती मिळवली, तर उद्या पोरींसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?”

दिग्दर्शकाशी दोन दिवस भांडलो, तिसऱ्या दिवशी त्याने हात टेकले आणि मी चित्र मोठं केलं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “अशी शेजारीण मिळायला नशीब लागतं.”

चित्रपट पुरा झाल्यावर पहिला खेळ कंपनीसाठी ठेवला. तालमीच्याच खोलीत आरशांवर पडदे ओढून खुर्च्या मांडल्या. ते दृश्य आलं. डाव्या कडेला ताई, सहाव्या मात्रेला त्यांचा हात, त्यामागे बाकीचे. नवी ताईंच्या शेजारीच बसली होती. ती अर्धवट उठली, तशी ताईंनी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

“थांबवा,” मास्तर म्हणाले. “मागे घ्या.”

मी दृश्य मागे घेतलं. त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग उठून पडद्यापाशी गेले आणि बोटाने हात मोजू लागले.

“अकरा,” ते म्हणाले. बाराव्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. “हिचा हात नको तेव्हा उठला आणि दहा जणी हिच्यामागे गेल्या. एकीनेही पुढच्या ओळीकडे बघितलं नाही. मी इतकी वर्षं ओरडून घसा फोडतोय, माझ्यामागे अशा दोघी कधी आल्या नाहीत.” मग ताईंकडे वळून म्हणाले, “सोमवारपासून तालीम तू घे. फक्त मात्रा नीट मोजत जा.”

हशा झाला, टाळ्या पडल्या. ही बाई मात्रा चुकलेली नाही, हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या, पण मी मिठाची गुळणी धरून बसलो. माणसं पांगू लागली. नवीला रडू आवरत नव्हतं.

“ताई, मी सांगते मास्तरांना.”

“काही सांगायचं नाही.” ताईंनी पदराने नव्हे, सरळ तळहाताने तिचे डोळे पुसले. “सोमवारपासून मी समोर उभी असणार. तुझ्या शेजारी मी नसेन. आठ मोज.”