चिकूचा रस आणि पांडूचा नैवेद्य

मशीनच्या वरच्या तोंडात, हॉपरमध्ये, चिकू पडले, मोटर गुरगुरली, स्क्रू फिरला. रसाच्या नळीतून थेंब आला नाही. मागच्या तोंडातून मात्र फुर्रकन एक गोळा उडाला आणि देसाईसाहेबांच्या सफारीवर जाऊन बसला.

"हा रस?" साहेबांनी विचारलं.

"पल्प म्हणता येईल, सर."

"शिरा म्हणतात याला!"

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. देसाईसाहेब बोईसरच्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपचे मालक. मी त्यांचा डिझाइन इंजिनियर, तोही प्रोबेशनवर. चिंचणीच्या नानाशेठांनी चिकूचा रस काढायच्या मशीनची ऑर्डर दिली होती. मुलीच्या लग्नात व्याह्यांना आपल्या वाडीतल्या चिकूचा रस पाजणार, असं ते गावभर सांगून बसले होते. मशीन चाललं तर मी कायम, नाहीतर सांगलीची एस.टी.

आणि सांगलीचा होतो, हीच तर गोची! रस म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ऊस. म्हणून मी स्क्रू प्रेस केला. भोकं पाडलेल्या नळकांड्यात स्क्रू फिरतो, माल पुढे रेटतो. पुढे जागा अरुंद. रस भोकांतून गळतो, चोथा टोकातून बाहेर. उसाला चोथा असतो हो. पिकल्या चिकूला कुठला? तो लोण्यासारखा स्क्रूला चिकटून त्याच्याबरोबरच गरगर फिरायचा. मी भोकं बारीक केली, स्पीड कमी केला. शेवटी कच्चे चिकू घातले, तर त्यांच्या चिकाने स्क्रू असा जाम झाला की चेन ब्लॉकची साखळी लावून ओढावा लागला.

आमचा फिटर पांडू मुरबे गावचा कोळी. तो म्हणाला, "सायेब, तुमी नारळ नाय दिला. आमी होडीसुदा नारळाशिवाय पाण्यात नाय घालत."

"पांडू, हे खाण्याचं मशीन आहे. इथे कुंकूबिंकू चालत नाही."

"मंग चिकू तरी कुठं चालतंय?"

मी पान्हा उचलून पुन्हा स्क्रू खोलायला घेतला.

ट्रायलच्या दिवशी नानाशेठ एकटे आले नाहीत, व्याह्यांनाच घेऊन आले. आल्या आल्या नानाशेठांनी विचारलं, "नारळ फोडला ना?"

"तुमचीच वाट पाहत होतो!" साहेब बेधडक म्हणाले.

पांडूची कळी खुलली. त्याने नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले, सगळ्यांच्या हातावर ठेवले. मग उरलेले मूठभर तुकडे त्याने चालू हॉपरमध्ये टाकले.

"अरे ए! काय करतोयस?" मी ओरडलो.

"मशीनीचा नैवेद्य, सायेब. ती काय उपाशी ऱ्हाईल?"

पाठोपाठ चिकू गेले. आतून कडाकडा आवाज आला. मी डोळे मिटले आणि एस.टी.चं टाइमटेबल आठवू लागलो.

"धार लागली!" पांडू ओरडला.

खरंच धार लागली होती. तपकिरी, दाट, सुंदर धार! मागून कोरडा चोथा पडत होता. खोबऱ्याच्या तंतूंनी स्क्रूला पकड दिली होती आणि दाब तयार झाला होता. वर नारळाचं दूध फुकट.

व्याह्यांनी ग्लास रिकामा केला. "वा! यात घातलंय काय?"

"आमचा फॉर्म्युला आहे," साहेब गंभीरपणे म्हणाले.

मी नानाशेठांना बाजूला घेऊन सगळं समजावलं. घर्षण, दाब, चिकूच्या दर पाटीला एक नारळ. त्यांनी हात जोडून ऐकून घेतलं.

लग्नाला गेलो तर मशीनशेजारी भटजी! दर घाण्याला नारळ, हॉपरला हळदकुंकू, वर आरती. पंगत खोळंबलेली. आरतीवाचून मशीन कोणी चालू करू देईना. हळदीकुंकवाने रसाला केशरी झाक आली, तर व्याह्यांनी दुसरा ग्लास मागितला.

मी साहेबांच्या कानाशी लागलो. "सर, हे नुसतं फ्रिक्शन आहे. सांगा ना यांना."

"गप! आरती चाललीय," साहेब टाळ्या वाजवत म्हणाले. "सोमवारी लवकर ये. तू कायम."

चोथ्याशिवाय रस निघत नाही, एवढं मी त्या नोकरीत शिकलो. आणि गिऱ्हाईक हात जोडून उभं असेल, तर त्याला फ्रिक्शन शिकवू नये.