डावं-उजवं आणि नरम ब्रेक

टायपिंग शिकवणाऱ्या बाईंनी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलले, याचं शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवल वाटलं नाही. नवरा होता तेव्हाही चाकापाशी तो आणि स्टिअरिंगमागे त्या, अशीच जोडी असे. तो ‘दाब, धर, सोड’ म्हणायचा आणि बाई ब्रेक दाबायच्या, धरायच्या, सोडायच्या. दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. गॅरेजवाल्याकडे जायचं तर ‘मावशी, तुम्हाला नाही कळायचं’ हे ऐकून घ्यावं लागे, आणि ते बाईंच्या डोक्यात जाई.

या खेपेला मात्र घोळ झाला होता. ब्रेकवर पाय ठेवला की भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा तो खाली जात होता. आणि उद्या पहाटे नणंदेला घेऊन डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात पोचायचं होतं. तिचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या ऑपरेशनची तारीख हुकली असती तर पुढची चार महिन्यांनी, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चार महिने तो डोळा तग धरणार नाही. त्या आडवेळी भाड्याची गाडी यायला तयार नव्हती.

“नळीत हवा शिरली असणार,” बाई म्हणाल्या. “बस आत. मी सांगेन तसा ब्रेक दाबायचा. जमेल?”

“डोळा गेलाय वहिनी माझा, पाय नाही!” नणंद सीट पुढे ओढून बसली. नणंद बुटकी, तरी पाय जेमतेम पोचले.

बाई उघड्या चाकापाशी फतकल मारून बसल्या. ब्रेकच्या जबड्याला, म्हणजे कॅलिपरला, हवा काढायचा छोटा निपल असतो. त्याला सलाईनची नळी लावली, तिचं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं.

“दाब.”

“दाबलं.”

“धर.”

“धरलं गं, किती वेळ धरू?”

निपल सैल केला, तेल आलं, घट्ट केला. “सोड.” असं आठ-दहा वेळा झालं. मग आतून काहीतरी पुटपुट ऐकू आली. बाईंनी पान्यावरची नजर न काढता ‘हं’ म्हटलं. त्यानंतर नणंदेची बडबड थांबली. बाईंना बरंच वाटलं.

“दाब.”

“दाबलं.” आवाज जरा बसलेला. रुसली असेल.

“धर.”

“धरलं.”

आता कामाला लय आली. सांगायच्या आधीच ब्रेक दाबला जाई, हवा तेवढाच वेळ धरला जाई. नळीतून स्वच्छ तेल येत होतं, एकही बुडबुडा नाही. बाटलीतलं तेल दोन बोटं चढलं.

“वहिनी, चहा निवतोय!”

आवाज घरातून आला होता. नणंद दोन कप घेऊन दारात उभी होती.

“तू कधी उठलीस?”

“अगं, मघाशीच! सांगून गेले. तू ‘हं’ म्हणालीस.”

बाई उठल्या. गाडीचं दार बंद होतं. आत कुणी नव्हतं. सीट मात्र शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकलेली होती; बाईंच्या लांब पायांच्या नवऱ्याला लागायची तशी.

“तू सरकवलीस?”

“मी कशाला सरकवू? असं काय बघतेस?”

बाईंनी बाटलीकडे बघितलं. निपल सैल असला की तेल आपोआपही ठिबकतं, हे त्यांना माहीत होतं. पण दोन बोटं? चहा तसाच ठेवून त्या सीटच्या कडेला टेकल्या आणि ब्रेक दाबला. क्षणभर त्यांची खात्री होती, की आता तो घट्ट लागणार. त्यानेच केलंय म्हटल्यावर चूक कशी राहील?

ब्रेक तसाच रुतत गेला.

बाईंना रागच आला. दाबणारा कुणी का असेना, त्याने चोख दाबलं होतं. चूक दुसरीकडे होती. बाई पुन्हा चाकापाशी बसल्या, आणि निपलचं तोंड जमिनीकडे आहे हे त्यांना दिसलं. हवा वर जाते, निपल खाली. शंभर वेळा दाबलं असतं तरी हवा निघाली नसती!

कॅलिपर घासून रंगवायला काढताना बाईंनी त्यांना चिठ्ठ्या बांधल्या होत्या, टाइप केलेल्या: डावा, उजवा. पण चाळीस वर्षं मुलींसमोर उभं राहून ‘डावा हात’ म्हणताना त्या स्वतःचा उजवा उचलत आल्या होत्या. गाडीही समोरच्या मुलीसारखी, तिचं डावं ते आपलं उजवं, अशा हिशोबाने त्यांनी चिठ्ठ्या बांधल्या. पण काढलेले कॅलिपर दोन बाजूंना ठेवून चिठ्ठ्या बांधताना त्या गाडीला तोंड करून नव्हे, पाठ करून बसल्या होत्या. उलटंच झालं. एकाची जागा दुसऱ्याने घेतली, आणि वरचे निपल खाली आले.

“गाढव आहे मी,” त्या मोठ्याने म्हणाल्या. “चल, पुन्हा बस. आणि बोलत राहा. एक मिनिट गप्प बसू नकोस.”

“काय बोलू?”

“काहीही. मला शिव्या दे.”

कॅलिपर अदलाबदल करून पुन्हा हवा काढायला दोन तास गेले. नणंदेने दहावीपासूनची सगळी गाऱ्हाणी ओकली. या वेळी भसाभस बुडबुडे आले, मग थांबले. ब्रेक दगडासारखा लागला.

तरी बाईंचं समाधान होईना. उजेड असतानाच त्यांनी गाडी बाहेरच्या मोठ्या उतारावर नेली, नणंदेला शेजारी बसवून. अर्ध्यावर गिअर काढला, गाडीला वेग घेऊ दिला आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली.

“झालं की!” नणंद म्हणाली. “उद्या जायचं मग?”

“जायचं.”

बाईंनी ब्रेकवरून पाय उचलला. हँडब्रेक खाली होता, गिअर निघालेला. गाडी उतारावर तशीच उभी राहिली.

“वहिनी, निघ ना. काय झालं?”

बाईंनी दोन्ही पाय सीटजवळ ओढून घेतले आणि खाली बघितलं. ब्रेक आत गेलेला होता.

“काही नाही,” त्या म्हणाल्या. “धरतोय.”