बाबांचा खोकला

रक्तवाहिनीला आतून पेशींचं पातळ अस्तर असतं. त्या पेशींवर ग्राही असतात, म्हणजे ठरावीक रेणूलाच ओळखणारी प्रथिनं. ब्रॅडिकायनिन नावाचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखीच पण आखूड साखळी, त्यांना चिकटलं, की अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनीचा आवळलेला स्नायू सैल पडतो. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी हेच बघते. बाबांना समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हंजे नस बी सांगितलेलं आयकते. तुह्या मायपेक्षा बरी."

बाबांना रक्तदाब. त्यांची गोळी इतर कामांबरोबर हे पेप्टाइड शरीरात लवकर मोडू देत नाही, म्हणून धमन्या सैल राहतात. पण काही जणांना त्यापायीच कोरडा खोकला लागतो. अशांसाठी दुसऱ्या जातीची गोळी असते. नांदुऱ्याच्या कुठल्याही मेडिकलवर मिळते.

बाबांनी कुणाला विचारलंच नाही. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या गावच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात, आणि वाचायला नेहमी बाबाच. गेल्या वर्षी नवी गोळी सुरू झाली आणि पानापानावर उबळ येऊ लागली. बायका पाण्याचा तांब्या पुढे सरकवायच्या, बाबा ओशाळायचे. त्यांनी परस्पर गोळी बंद केली.

मी फोनवर विचारायचे, "गोळी घेता ना?"

"हाव बाई, घेऊन राह्यलो ना."

आवाज इतका मोकळा यायचा, की मला बरं वाटायचं. आता तेच आठवून जीव जळतो.

वर्षावास संपायच्या आतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय पुढे सावरले, वाचा गेली ती गेलीच. दवाखान्याच्या बाकावर आईने सगळं सांगितलं. "वाचन झालं का पुन्हा घेतो म्हने. मी म्हनलं, पोरीले तरी इचारा. तं म्हने, तिच्याच कामातली गोई हाय ते, तिले कसं म्हनू का वंगाळ हाय?"

मला बाबांचा राग आला. अजूनही येतो. अहो, एवढी कसली भीड, तीही पोटच्या पोरीची! मी हसले असते आणि दोन मिनिटांत डॉक्टरांशी बोलून गोळी बदलून घेतली असती.

यंदा रजा काढून मी वाचायला बसले. बाबा समोर सतरंजीवर. आता ती दुसऱ्या जातीची गोळी चालू आहे, खोकल्याचं नाव नाही. एका पाली शब्दावर मी अडखळले आणि काहीतरी भलतंच म्हणून गेले. बाबांनी हात वर केला. सगळे थांबले. त्यांचे ओठ हलले, मानेच्या शिरा ताणल्या, पण शब्द काही निघेना. मी तो वेगवेगळ्या तऱ्हेनं म्हणून पाहिला. दर वेळी त्यांनी नाही म्हणून मान हलवली. शेवटी त्यांनीच हात खाली घेतला, आणि मी चुकीचाच शब्द घेऊन पुढे वाचत गेले.