मनगटावरच्या चुण्या

कतारमधल्या अल खोरला पुष्पावतीबाईंकडे चहाला गेलं, की चहाआधी जुन्या दरबारी पोशाखांची चित्रं पुढ्यात येत. वर्ल्ड कपच्या आधी दोह्यात रस्तोरस्ती झेंडे लागले आणि मराठी मंडळाला एका सोहळ्यात दरबार उभा करायची संधी मिळाली, तेव्हा सरदार कोण हे बाईंनी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. त्यांचे यजमान गजेंद्रराव रास लफ्फानच्या गॅस प्रकल्पातली नोकरी संपवून डिसेंबरात नाशिकला परतायचे होते. जन्मभर निळ्या कव्हरॉलमध्ये पाहिलेल्या नवऱ्याला एकदा जाम्यात पाहावं, एवढीच बाईंची हौस होती.

जामा अहमदनगरच्या दरबारातल्यासारखा: तलम मलमलीचा, काखेशी बांधायचे बंद, खाली घोळदार घेर. बाही हातापेक्षा बरीच लांब आणि मनगटाशी निमुळती. वर सारली की बारीक चुण्या पडतात. सगळा थाट त्या चुण्यांचा. असलं घालून गेलो तर कॉलनीच्या गेटवरच अडवतील, असं म्हणत गजेंद्रराव मापाला मात्र उभे राहत.

सगळं शिवण बाईंनी हाताने केलं. घेराची किनार तेवढी मशीनवर घालायला जामा दोह्यातल्या मुऐदरच्या मन्सूर शिंप्याकडे दिला. मन्सूर सोलापूरचा, इथल्या लोकांचे थोब, म्हणजे पायघोळ अंगरखे, शिवून हात बसलेला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जामा आला. किनार सुबक होती, आणि बाह्या बरोबर मनगटापाशी संपल्या होत्या.

बाईंनी तडक फोन लावला. फोनवर मन्सूर मात्र खुशीत होता.

"ताई, बाही पार गुडघ्याला लागत होती. म्हटलं, तुमचं माप चुकलं. चारचौघांत साहेबांची फजिती नको, म्हणून मीच नीट केली."

इतक्या आपुलकीने केलेल्या कामावर रागवायचं तरी कसं? दुसरी मलमल घरात नव्हती. बाईंनी हळूच विचारलं, "तुकडे टाकलेस का?"

"मलमल कोण टाकतं, ताई? लेकीच्या बाहुलीला ठेवलेत."

कामावरून आलेल्या गजेंद्ररावांनी बूटही न काढता बाईंना घेऊन गाडी काढली. दुकानात सगळा प्रकार कळल्यावर मन्सूर ओशाळला. जोड दिल्यावर टाके दिसतील, ही त्याची काळजी. जोड चुण्यांतच दडेल, असं बाईंनी समजावलं, तेव्हा त्याने मशीन बाजूला सारलं आणि हाताने, केसासारख्या बारीक टाक्यांनी तुकडे जोडून दिले.

दुसऱ्या दिवशी विंगेत बाईंनी एकेक चुणी बसवली. जोड कुठे गेला, त्यांनाही सापडेना.

"अहो, हात खाली सोडू नका. चुण्या उतरतील."

गजेंद्ररावांनी दरबारभर हात छातीशी धरले. पुढे घरी जातानाही जामा उतरवला नाही. कॉलनीच्या गेटवर वॉचमनने खरंच गाडी अडवली. त्याला साहेबांबरोबर फोटो हवा होता. फोटो काढण्याआधी बाई गाडीतून उतरल्या आणि त्यांनी डाव्या मनगटावरची घसरलेली एक चुणी वर सारली.