मुलींच्या शाळेतला प्रोजेक्टर

साठच्या दशकात कतारमध्ये, दोह्यात टेलिव्हिजन स्टेशन नव्हतं. शिक्षण खात्याकडे सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता आणि तो माझे पती चालवायचे. रत्नागिरीच्या थिएटरात ते ऑपरेटर होते, त्या जोरावर इथे नोकरी लागली. शाळाशाळांत पडदा बांधून ते मुलांना शिक्षणाच्या फिल्म दाखवायचे. पाऊस कसा पडतो, रोगजंतू कसे पसरतात. मुलींच्या शाळेत मात्र पुरुषाला फाटकाच्या आत जाता येत नसे. तिथे फिल्म कधी पोचलीच नव्हती.

एकदा दुपारी जेवताना ते म्हणाले, "मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आज ऑफिसात आल्या होत्या. आमच्या मुलींनी काय घोडं मारलंय, म्हणून विचारत होत्या."

"मग साहेब काय म्हणाले?"

"बाई ऑपरेटर मिळाली तर पाठवू म्हणाले. आता बाई ऑपरेटर कुठून आणायची?"

मी भात वाढत होते. म्हटलं, "मला शिकवा."

ते हसले नाहीत. भात कालवता कालवता थांबले. "जड आहे गो तो."

"कळशी काय हलकी असते?"

त्या शुक्रवारच्या सुट्टीसाठी साहेबांना विचारून त्यांनी प्रोजेक्टर घरी आणला. चुना लावलेली भिंत आमचा पडदा झाली. शिवणयंत्रात दोरा ओवायची सवय असल्याने फिल्म ओवणं मला लवकर जमलं. पण लेन्सच्या वरखाली फिल्मला थोडी ढील ठेवायची, हे काही लक्षात राहीना. फिल्म ताणली जायची आणि तुटायची. "तुटू दे," ते म्हणायचे, "जोडायला तर शिकशील." पुढच्या शुक्रवारीही आम्ही तेच केलं. मग ते साहेबांकडे जाऊन सांगून आले की बाई तयार आहे.

मी शाळेत पहिल्यांदा गेले तेव्हा ड्रायव्हरने प्रोजेक्टरची पेटी फाटकाशी ठेवली. दोन मोलकरणींनी आणि मी ती आत नेली. खिडक्यांना ब्लँकेटं लावून हॉल काळोखा केला होता. मी बुरखा काढून खुंटीला लावला. मुली खाली बसल्या होत्या, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला अरबी वाचता यायचं ते कुराणापुरतं. बोलता येणारे शब्द दोनच, यल्ला म्हणजे चला आणि शुक्रन म्हणजे आभार.

फिल्म रक्ताभिसरणाची होती. हृदय पडद्यावर धडधडायला लागलं आणि फिल्म तुटली. मुलींचा एकच गलका झाला. मुख्याध्यापिकांनी ब्लँकेट बाजूला सारलं आणि मुलींना माझ्याभोवती उभं केलं. मी तुटलेली टोकं खरवडली, चिकटवायचं सोल्युशन लावलं, दाबून धरलं. सगळ्या श्वास रोखून बघत होत्या. प्रोजेक्टर पुन्हा फिरला तेव्हा टाळ्या पडल्या.

शो संपल्यावर एका मुलीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. मुख्याध्यापिकांनी मला इंग्रजीत समजावलं, "ती म्हणतेय, तुमच्याही आत असंच चालू असतं का?"

मी हात पुढे केला. मुलीने मनगटावर बोट ठेवलं, थांबली, आणि तिचा चेहरा उजळला. मग तिच्यामागे रांगच लागली.

फाटकाबाहेर पती गाडीजवळ उभे होते. "कसं झालं?"

"फिल्म तुटली."

"मग?"

"जोडली."

खात्याने मला कामावर घेतलं. वर्षभरात मुलींच्या सगळ्या शाळांत माझी फेरी सुरू झाली. पुढे दोन शिक्षिका शुक्रवारी आमच्या घरी प्रोजेक्टर शिकायला येऊ लागल्या. त्यांनाही ढील ठेवायचं लक्षात राहत नसे. मी म्हणायचे, तुटू दे.