टाकळ्याची निळी फुलं

“माझे डोळे गेले गं सूनबाई, तूच सांग, ते काय फुललंय?”

काशीत ब्रह्माघाटावर आमच्या शेजारी राहणाऱ्या गुरुजींचं हे वाक्य मी हजारदा तरी ऐकलं असेल. श्रावण-भाद्रपदात आसपासच्या मराठी घरांना पूजेची पत्री, म्हणजे तऱ्हेतऱ्हेची पानं-फुलं, तेच पुरवत. त्यासाठी सकाळी राजघाटापलीकडे वरुणा नदीच्या काठी चालत जात.

मी वाईहून लग्न होऊन काशीत आले तेव्हा साहेबाचं राज्य होतं आणि मी तेरा वर्षांची होते. हिंदी येईना, घास उतरेना, रडणं थांबेना. सासरे शेवटी माझ्या वडिलांना पत्र लिहायला बसले: मुलीला घेऊन जा. आता तुम्हीच सांगा, त्या काळी अशी माहेरी धाडलेल्या मुलीला पुन्हा कोण नांदवणार होतं?

नेमके तेव्हाच गुरुजी चौकात येऊन बसले. “अरे, पत्र राहू दे. मला दिसत नाही, पत्री चुकते. पोरीला महिनाभर माझ्याबरोबर पाठव.” सासूबाईंनी नाक मुरडलं. पण डोळे गेलेल्या म्हाताऱ्याला नाही कसं म्हणणार?

पहिल्याच दिवशी मी रुईचं पान खुडायला गेले, तर म्हणाले, “थांब! आधी उलटून बघ.” उलटलं, तर मला काहीच दिसेना. “ते काय, देठाजवळ!” खसखशीएवढं अंडं होतं, फुलपाखराचं. “त्याचं पान त्याला राहू दे. दुसरं घे.”

गुरुजी पानापासून चांगले दोन हात लांब उभे होते. म्हणे डोळे गेले! मी निमूट दुसरं पान खुडलं. हे सोंग कुणासाठी चाललंय, एवढं तेराव्या वर्षीही कळतं.

मग मीही वात्रटपणा सुरू केला. टाकळ्याच्या पिवळ्या फुलांना खुशाल निळी म्हणायचे. “चल, लबाड! पिवळी आहेत. वरचं फुलपाखरूही पिवळंच आहे.” वाटेतला दूधवाला विचारायचा, “का गुरु, कुछ दिखाई देता है?” “रत्तीभर नहीं, भइया!”

महिन्याची वर्षं झाली. ते पत्र कुणी पुरं केलं नाही. हिंदी मी त्या वाटेवर शिकले, आणि हसायलाही. माझा संसार गुरुजींनी वाचवला, दुसरं काय म्हणू?

एका भाद्रपदात ते माझा हात धरून चालत होते. वय झालं, असं मी मनाशी म्हटलं. दोन्ही बाजूंना टाकळा पिवळाधमक फुलला होता.

“काय फुललंय गं?”

“निळी फुलं, गुरुजी. निळीच निळी.”

“अस्सं? निळी?” ते म्हणाले. “छान. यंदा लवकर आली.”

मी वळून त्यांच्या डोळ्यांकडे पाहिलं.

“नाही हो गुरुजी, खोटं बोलले मी. टाकळा आहे. पिवळा. त्यावर दोन फुलपाखरं आहेत, तीही पिवळी.”

“मग बरोबर,” ते म्हणाले आणि माझा हात थोपटला.

पुढची दोन वर्षं मी एकही रंग खोटा सांगितला नाही.

ते गेल्यावरच्या श्रावणात पत्री आणायला मी एकटी गेले. काय काय फुललंय ते वाटभर मोठ्यानं सांगत होते. दूधवाला बघतच राहिला. दखनी बहू पागल झाली, असं म्हणाला असेल. म्हणू दे.