काढलेलं पान

"घाबरू नका, काय मोडत नाय." सरांनी वहीतलं हे वाक्य नाकात बोलून वाचलं आणि सगळा क्लास हसला. खांदा कॉलनीतला सरांचा कॉम्प्युटर क्लास. मी तिथे शिकवायचो. वही वनितावहिनीची, माझ्या चुलतभावाच्या बायकोची, आणि ती समोरच उभी होती. मीही हसलो. ते आधीच सांगून टाकतो.

वहिनी आमच्या कोन गावात, समाजमंदिरात, बायकांना कॉम्प्युटर शिकवायची. आमच्या क्लासचं मराठी पुस्तक तिने नेलं होतं, पण बायकांना ते जड जाई. मग तिनेच ते वहीत पुन्हा लिहून काढलं, आमच्या बोलीत. पुस्तकात सरावाला प्राचार्यांना रजेचा अर्ज होता. तिने तिथे ग्रामपंचायतीला नळाचा अर्ज घातला. हौसेने मला दाखवायला आली आणि वही सरांच्या हाती लागली.

"ही चोरी आहे," सर मला म्हणाले. "आणि ही काय भाषा? तुमच्याच गावची ना? समजवा तिला."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, तुमीच सांगा. मी चोर हाय का?"

"परवानगी लागते, वहिनी." मी म्हणालो. शुद्ध मराठीत, सरांना पटेल अशा. तिने वही उचलली आणि गेली.

खोटं बोललो. पुस्तक सरांचं नव्हतंच. मूळ इंग्रजीत, कुठल्याकुठल्या लोकांनी मिळून लिहिलेलं, सगळ्यांसाठी मोकळं. मी खपून ते मराठीत आणलं. शेवटच्या पानावर परवानगी छापलेलीच होती: कुणीही नक्कल करा, बदला, वाटा, फक्त आधीच्यांची नावं राखा, हे पान राखा, पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. खाली यादी, कुणी काय बदललं त्याची. सर म्हणाले, ते पान काढा. मी काढलं. याच हातांनी. मुखपृष्ठावर सरांचं नाव आलं, आत 'सर्व हक्क राखीव'. माझं नाव कुठेच नाही. तरी मी गप्प. कोनचा पोरगा कॉलनीत 'सर' झाला, एवढ्यावरच मी हुरळलो होतो. 'आहे'ऐवजी 'हाय' म्हटलं की सर हसायचे, म्हणून 'हाय' गावातच ठेवून यायचो.

ज्या परवानगीवर मी पुस्तक केलं, तीच मी वहिनीला नाकारली. तिसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो. तिने पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. मी वही मागितली.

"चुलीत घातली. बायकांना बी सांगितला, नका येव."

माफी मागायला तोंड उघडलं, ती आत निघून गेली. बरोबरच केलं तिने.

सोमवारी मी ते पान परत लावलं, प्रती काढल्या आणि क्लासमध्ये वाटल्या. सर ओरडले, परवानगी कुणी दिली? मी सगळ्यांसमोर म्हणालो, "शेवटचं पान वाचा. परवानगी हाय." या वेळी कुणी हसलं नाही. नोकरी त्याच दिवशी गेली.

आता वहिनीची वही आठवून आठवून पुन्हा लिहितोय. ती बोलत नाही, बोलेल असंही नाही. लिहून झाली की घरोघर देणार. यादीत तिचं नाव घातलंय, तिचे बदल घातलेत. त्याच्याखाली माझं, गावासकट: 'मराठीत आणलं. शेवटचं पान काढलं. वहिनीला चोर ठरवलं.' ही यादी पुढे कुणी खोडायची नाही, असा त्या पानाचाच नियम आहे.